बाईंच्या गाण्यातला खोकला

घड्याळजी गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं, की बाबांचा आवाज आपल्यापाशी कुठेच नाही. फोटो होते. अक्षर होतं, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्यांवरचं, बारीक आणि डावीकडे कललेलं. आवाज तेवढा नव्हता. फोनवर ते दोन वाक्यांत आटपायचे. "मी बरा आहे. तू वेळेवर जेवत जा." हे कोण कशाला टेप करून ठेवील?

मग भिंग आणि चिमट्यांच्या खणात एक कॅसेट सापडली.

त्या घरावर एका बाईचा वचक होता, आणि त्या बाईने घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. उर्दू गझला गायची ती. बाबा तिला नुसतं 'बाई' म्हणत. गुरुवारी संध्याकाळी बाई रेडिओवर गायच्या, तेव्हा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडला जाई आणि अर्धा तास घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. "आल्या का माझ्या सवतबाई?" म्हणत आई ओट्याशी मुद्दाम भांडी वाजवायची. पण खरा नियम मोडायचे ते बाबाच. त्यांना राहवायचंच नाही. बाईंनी एखादी ओळ तिसऱ्यांदा घेतली, की "वा!" निघून जायचं. मग जीभ चावायची, मग त्या जीभ चावण्याचा खोकला. मुलीला हे सगळं तेव्हा पोरकट वाटायचं. ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची आणि बाईंचं गाणं संपायची वाट बघायची.

सापडलेल्या कॅसेटवर तारीख होती. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची. तेव्हा मुलगी दुसऱ्या शहरात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासत होती आणि वर्षातून दोनदा घरी यायची.

जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक साउंडवाला तिला कुणीतरी सुचवला. तळघरातलं दुकान, भिंतींना जाड फोम, आणि टेबलाशी पन्नाशीचा एक बारकेला माणूस. त्याने कॅसेटवरचं नाव वाचलं आणि बसल्या जागी ताठ झाला.

"ताई, हा कार्यक्रम कुठेच मिळत नाही. वीस वर्षं शोधतोय मी. बाईंचा हा कार्यक्रम!"

बाबांचं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दुकानात उभं राहून, अनोळखी माणसापुढे, असल्या गोष्टी तिला जमत नसत. ती एवढंच म्हणाली, "जपून करा."

"डोळ्यांत तेल घालून करतो," तो म्हणाला.

आठ दिवसांनी ती गेली. त्याने हेडफोन पुसून तिच्या हातात दिला आणि मुलगी दाखवायला बसलेल्या बापासारखा बाजूला उभा राहिला. बाई गाऊ लागल्या. स्वच्छ, धुतल्यासारखा आवाज. पहिली गझल संपली, दुसरी संपली. तिने हेडफोन काढला.

"मधे कुणी खोकत नाही?"

"अहो, खोकला? नुसता खोकला नव्हे, खुर्ची काय, दारं काय! कुणीतरी सारखं बोलत होतं मधेमधे. वेचून वेचून काढलं. बाई एकेक ओळ सातआठदा घेतात ना, तर खराब जागी त्याच ओळीचा चांगला तुकडा बसवला. शोधून दाखवा सांधा!"

तिने हेडफोन टेबलावर ठेवला. तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"कोण होतं ते?" त्याने हळू विचारलं.

"माझे बाबा."

तो मटकन खुर्चीत बसला. "मला वाटलं, बाईंसाठी आणलीत."

"कॅसेट परत लावता येईल?"

"टेपचा लेप सुटत होता. एकदाच वाजली, नंतर काळा भुगा उरला. आणि साफ केलेलं मी मूळ कॉपीवरच सेव्ह केलं." त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग एकदम पुढे वाकला. "थांबा. कापलेलं ठेवतो मी. चुकून बाईंचा एखादा सूर कापला गेला, तर परत मिळावा म्हणून."

त्रेसष्ट तुकडे निघाले. पण त्याने ते गाण्याच्या क्रमाने कापले नव्हते. आधी खोकले, मग खुर्चीची कुरकुर, मग बोलणं, असे जातवार. कुठला तुकडा कुठल्या जागचा, हे त्यालाही सांगता येईना.

त्याने एकामागून एक लावले. खोकला. खोकला. खुर्ची. मग "वा". तोच आवाज, घशात थोडा अडकलेला. तिने टेबलाची कड धरली. प्रत्येक तुकड्यामागे बाईंचा अर्धामुर्धा शब्द ऐकू येत होता, तुटलेला. भांडं मात्र एकाही तुकड्यात वाजलं नाही. आणि मग:

"ऐकलंस का?"

पुढे नुसती खरखर. उत्तरासाठी माणूस थांबतो, तेवढी.

"दुसरं कोण होतं घरात?" साउंडवाल्याने विचारलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

असे पाच तुकडे निघाले. "ऐकलंस का?" दर वेळी तोच प्रश्न, पुढे तीच खरखर.

"सगळे वेगळे काढून देतो, ताई. पैसे नकोत."

"नको. जिथले तिथे बसवा."

"बाईंच्या गाण्यात? परत खोकला?" तो कळवळला. "आणि बसवू कुठे? एकच ओळ आठदा आहे. तुम्हाला पाठ आहेत का त्या गझला?"

पाठ नव्हत्या. पंधरा वर्षं त्याच खोलीत बसूनही तिने त्या ऐकल्या नव्हत्या. तिने खुर्ची ओढून घेतली. "लावा पहिल्यापासून."

खोकले बऱ्यापैकी लवकर जागेवर गेले. "वा" कठीण होते. त्यासाठी बाबांना कुठे राहवलं नसेल, ते शोधावं लागत होतं. ती डोळे मिटून ऐकू लागली, मुद्रित तपासताना बसते तशी पाठ सरळ ठेवून. हळूहळू तिला दिसू लागलं, की बाई एक ओळ दोनदा सारखी घेतच नाहीत. एकदा समजूत काढतात, एकदा भांडतात, एकदा नुसती आठवून बघतात.

पहिला "ऐकलंस का?" चौथ्या गझलेतला होता.

"तिसऱ्या वेळेनंतर," साउंडवाला म्हणाला. "काय तान आहे! टाळ्यांची जागा."

"नाही. सहाव्या."

"तिथे काहीच नाही, ताई. बाई आवाज खाली घेतात फक्त."

"परत लावा."

त्याने लावलं. सहाव्या वेळी बाईंनी सूर सोडलाच जवळजवळ. शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी आणि तो तिथे नाही हे मधेच आठवावं, तसा शब्द अर्ध्यावर खाली ठेवला. एवढं एकट्याने ऐकून गप्प बसणं कुणाला जमलं असतं?

"इथे," ती म्हणाली.

त्याने वाद न घालता तुकडा बसवला, मागचा अर्धा शब्द पुढच्या अर्ध्याशी जुळवला. जुळला. मग थोडं मागे जाऊन सुरू केलं. बाई खाली आल्या. खुर्ची कुरकुरली.

"ऐकलंस का?"

"हं," ती म्हणाली.

साउंडवाल्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. बाई सातव्यांदा तीच ओळ घेत होत्या, आणि त्याने ती शेवटपर्यंत चालू दिली.