डावा कौल

मनःशांतीवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्वामींना बहुधा माणसांचा फार जाच होत असावा. नाहीतर एकांतात राहा, कमी बोला, संग टाळा, असं पानोपानी त्यांनी कशाला लिहिलं असतं? तारकर्लीला माडांच्या बागेत एकट्या राहणाऱ्या सुगंधाकडे अशी पुस्तकं फळीभर होती. संग टाळायला आधी तो असावा लागतो, हे स्वामींना कोण सांगणार? टपालाने नवीन पुस्तक आलं की ती त्याला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालायची आणि हातपाय धुऊन वाचायला बसायची.

ही सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. सुगंधाचा नवरा शाळामास्तर होता, तो तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. माडांवर पोटापुरतं भागत होतं, पण दुपारची भांडी घासून झाली की घर खायला उठायचं. मन कुठे म्हणून ठरायचं नाही. ते ठरावं म्हणून ती पुस्तकांच्या नादी लागली होती.

तिला जो काही संग होता, तो शेजारच्या हौसाबाईचा. ही साठीची विधवा रोज दुपारी काथ्या घेऊन सुगंधाच्या ओटीवर यायची. सुगंधा मोठ्याने वाचायची आणि हौसाबाई मांडीवर सुंभ वळत ऐकायची. आत्मा, माया, चित्त, कशाचाही तिला पत्ता नसायचा. "माका ह्यातला काय एक कळणा नाय," ती म्हणायची, "पण तुझो आवाज कानार पडलो की बरा वाटता." मग मधेच ती कोंबडीची नाहीतर सुनेची गोष्ट काढायची आणि सुगंधा पुस्तक मिटून तिच्यावर चिडायची. चिडायला तरी कोणी होतं.

त्या दिवाळीच्या सुमारास एक नवं पुस्तक आलं. दर सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन पाळावं, असं त्यात होतं. मधे एक शब्द जरी बोललं तरी आधीचं सगळं वाया. सुगंधाने हे मनावर घेतलं. सोमवारी ती देवापुढे पाटावर बसायची, उजव्या हातात माळ धरून. हौसाबाई दारातून डोकावायची आणि आत बसलेल्या सुगंधाला हात जोडायची. हे सुगंधाला आवडायचं, खोटं कशाला बोला.

अशाच एका सोमवारी सकाळी हौसाबाई आली ती काथ्या न घेताच. तिचा मुलगा दत्ताराम मुंबईहून तिला न्यायला आला होता. मंगळवारी मालवणहून बोट होती.

"सून पोटाशी आसा, चल म्हणता," हौसाबाई उंबऱ्याशी टेकत म्हणाली. "माझो जीव हयसून हलणा नाय. पण झिलाक नाय तरी कसा सांगू? देवळात गेल्लंय कौल लावूक, तर गुरवाक सोयर. कौल बंद."

आमच्याकडे असं काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा कौल झाला की पुढे कोणी वाद घालत नाही, मुंबईचा दत्तारामसुद्धा घालणार नाही.

हौसाबाईने पदर डोक्यावर घेतला. "तू आज बोलनस नाय. जो बोलणा नाय, त्येच्यात देव बसता. सुगंधा, आता तूच माका कौल दी. मी हयच ऱ्हव?"

ऱ्हव, ऱ्हव, असं सुगंधाचं मन ओरडत होतं. पण तोंड बंद होतं आणि उजव्या हातात अर्धवट ओढलेली माळ होती. थांब, संध्याकाळी बोलू, एवढंच सांगायला तिने हात वर केला. मोकळा होता तो डावा.

हौसाबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने वाकून नमस्कार केला आणि घरापुढचं खळं ओलांडून चालायला लागली.

आपण काय केलं, ते तेव्हा सुगंधाच्या ध्यानात आलं. ती दारापर्यंत धावली. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण पाळलेले सगळे सोमवार पाण्यात गेले असते. दिवेलागणीला जाऊन सांगू, हौसाबाई काय पळून जाते, असा विचार करून ती पुन्हा पाटावर जाऊन बसली. इथे मला तिचा भयंकर राग येतो. त्या दिवशी तिने किती जप केला असेल आणि त्यातला किती देवाला पोचला असेल, कोण जाणे.

दिवा लावल्याबरोबर ती शेजारी गेली. हौसाबाईने कोंबड्या देऊन टाकल्या होत्या. दत्ताराम वळकटी बांधत होता.

"गे काकी, तो कौल नाय होतो," सुगंधा म्हणाली. दिवसभर न बोलल्याने तिचा आवाज घोगरा झाला होता. "उजव्या हातात माळ होती, म्हणान डावो वर केलंय. मी थांब सांगी होतंय. तू जाव नको. माका तू होयी."

हौसाबाईने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरले होते, पण राग कुठेच नव्हता.

"ह्या तू आता सांगतंस, सुगंधा. तुका माझी माया आसा, म्हणान सांगतंस. सकाळी तू नाय होतंस, देव होतो. झालेलो कौल परतून मागूचो नसता, बाय."

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बंदरावर सुगंधाने तिला होडीत चढवून दिलं. होडी बोटीला लागेपर्यंत ती उभी होती.

त्यानंतर कित्येक दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. ओटीवर बसून ती एकटीच सुंभ वळायचा प्रयत्न करायची. तो सारखा सुटायचा. असंच एका तिन्हीसांजेला दिवा लावताना तिला आठवलं की आज सोमवार. मौन धरायचं ती साफ विसरली होती. आणि सकाळपासून तिच्या तोंडातून एक शब्दही बाहेर पडला नव्हता.