तेवाबेचच्या कपाळावरची उकळी

यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही, पण देस्से शहराच्या चढावर राहणाऱ्या तेवाबेचचं डोकं असं तापायचं, की कॉफीची मातीची सुरई नुसती कपाळाला टेकवली तरी कोळशावाचून उकळी फुटायची. ठणका तर असा, की घरावरचे पत्रे थरथरायचे आणि कोंबड्या अंडं अर्धवट टाकून पळायच्या.

दुखणं लागलं ते तिची लेक झिनाश बैरूतला घरकामाला गेली आणि तिचे फोन यायचे थांबले तेव्हापासून. पण तेवाबेचला विचाराल तर सगळा दोष कॉफीचा. कॉफी बिघडली की डोकं धरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने बिया बदलल्या, सुरई बदलली, वरच्या झऱ्याचं पाणी आणून पाहिलं. कपाळाला फडकं करकचून बांधायची आणि शेजारणींसोबत घ्यायचे रिवाजाचे तिन्ही पेले एकटीच प्यायची.

हो, एकटीच. बिया भाजल्याचा वास शेजारी जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून. शेजारची आयेलेच आली की पहिल्याच पेल्याला विचारणार, "झिनाशचं काही कळलं?" आणि "नाही" म्हणायचं बळ तेवाबेचच्या अंगात उरलं नव्हतं.

एके सकाळी आयेलेच दार ढकलून आत आलीच.

"चोरून पितेस होय गं? धुराने मरशील एक दिवस."

"डोकं दुखतंय. बिया खराब लागल्यात."

"आण इकडे." आयेलेचने घोट घेतला. "बिया झकास आहेत. साखरेला तेवढा हात आखडलायस."

दुसरा पेला झाला, तिसराही झाला. आयेलेचने झिनाशचं नाव काढलं नाही. मिरचीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली. शेवटी तेवाबेचच म्हणाली, "फोन बंदच येतो गं तिचा." मग कपाळाचं फडकं सोडून त्यात तोंड खुपसून रडली.

आणि काय सांगू, त्याच घटकेला डोकं थंडगार झालं, बाहेर गाडी थांबली, आणि ही एवढी मोठी पेटी घेऊन झिनाश खाली...

"खोटं बोलताय, बाबा," ऐकणाऱ्यांत बसलेली आयेलेच म्हणाली. "मघापासूनच्या थापा चालवून घेतल्या. पण तिथे मी होते. कुणी आलं नाही. डोकं आजही दुखतंय तिचं. आणि हळू बोला, तिच्या-माझ्या घरामधली भिंत पातळ आहे. झिनाश आली एवढंच कानावर पडलं, तर धावत येईल ती."