विहिरीच्या पाण्याचं आधण

सुनेने पिंपाचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा बसवलं. मग मोरीतली बादली ओढून तिने विहिरीचंच पाणी चहासाठी आधणाला ठेवलं.

बाहेरच्या खोलीत सासूबाईंना रंग चढला होता.

"आमच्या विहिरीचं पाणी? अहो, चहात साखर घालायला नको!"

"ऐकलंत ना, साहेब?" शेजारच्या बर्फ कारखान्याचा मालक खुशीत म्हणाला. "माझ्या भिंतीला लागून विहीर ही. हिला काही झालं नाही, तर बाकीच्यांची ओरड कसली? दुसऱ्या बोअरची परवानगी देऊन टाका."

पाणी खात्याच्या साहेबांनी मान डोलावली. नमुन्याची बाटली त्यांनी पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती.

ही विहीर सासऱ्यांनी भर उन्हात उभं राहून खणून घेतली होती. कारखान्याचा पहिला बोअर सुरू झाला आणि जमिनीखालून समुद्र आत सरकला. गल्लीतल्या विहिरी एकामागून एक खारावल्या, तशी हीदेखील. सासूबाईंनी मात्र ते कधी कबूल केलं नाही. टँकरचं पाणी मागच्या दाराने पिंपात यायचं आणि पुढच्या दारात विहिरीचं कौतुक चालायचं.

सासूबाई आत डोकावल्या.

"पिंपातलं घेतलंस ना गं?"

"उकळलंय, आई."

"मी काय विचारतेय?"

सुनेने दुधाचं पातेलं कलतं केलं. दूध चहात पडलं आणि बघता बघता फाटून कण कण झालं. सासूबाईंचा हात चहा मोरीत ओतून द्यायला पुढे आला. सून मोरीच्या वाटेतून हलली नाही. तिने तो चहा न गाळताच कपांत ओतला आणि बाहेर नेला.

मालकाने कपात पाहिलं आणि हसला.

"काकू, सूनबाईंनी नासलेलं दूध घातलं की!"

"होतं असं," साहेब म्हणाले. "तापवायचं राहिलं असेल."

सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ट्रे धरून ती तिथेच उभी राहिली.

"दूध सकाळचं आहे. आईंनीच तापवलंय. विचारा त्यांना."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या खिडकीतून विहिरीच्या कठड्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या आणि दुधाचं पातेलं घेऊन आल्या. उरलेलं दूध त्यांनी उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, घटाघटा पिऊन टाकलं.

"दूध चांगलं आहे," मनगटाने ओठ पुसत त्या म्हणाल्या.

मालकाने कप अलगद खाली ठेवला.

"घ्या की चहा," सासूबाई म्हणाल्या. "साखर घातलेली नाही."

कुणीच कप उचलला नाही. साहेबांनी खाकरून पिशवी मांडीवर ओढली आणि आत बाटली चाचपू लागले.

"अगं," सासूबाईंनी सुनेकडे न पाहता म्हटलं, "जा, पोहरा सोड. वरवरचं नको काढूस. तळापर्यंत जाऊ दे."