खोल बाजूची परीक्षा

सोफेवाल्याने नागरिकत्वाचा अर्ज केला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. अर्ज नवरा-बायकोचा एकत्र होता. एकत्र केला की लवकर निकाल लागतो, असं एका ओळखीच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं. मिशा पांढऱ्या झाल्या, तो ओळखीचा माणूस शहर सोडून गेला, आणि अर्जाचं घोंगडं भिजतच राहिलं. कचेरीत फोन केला की एकच उत्तर यायचं, "विचाराधीन आहे."

"एवढा विचार तर मी लग्नाच्या वेळीही केला नव्हता," सोफेवाला म्हणायचा.

"म्हणून तर फसलात," बायको मशीनवरून म्हणायची.

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. जुने सोफे नि खुर्च्या तिथे नव्याने बसवून मिळत. तो कापड उसवायचा, स्प्रिंगा आवळायचा, पट्टे ताणून खिळे मारायचा. ती कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवायची. सोफ्यांच्या पोटात काय काय सापडायचं. कंगवे, पेनं, एकदा तर दातांची कवळी. ती कवळी परत करायला बायको स्वतः गेली होती आणि येताना रस्त्यात एकटीच हसत आली होती.

नागरिक व्हायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागे. तिच्यासाठी सरकारने प्रश्नांचं पुस्तक काढलं होतं. बायकोने ते मशीनच्या चाकाला टेकवून ठेवलं. शिवता शिवता ती प्रश्न विचारायची, आणि तो ओठांत खिळे धरून, खुर्चीच्या पोटात हात घालून उत्तर द्यायचा. मुद्दाम चुकीचं द्यायचा.

"कायदे कोण करतं?"

"ज्यांना ते पाळायचे नसतात, ते."

"चूक! संसद. मत द्यायला वय किती लागतं?"

"अक्कल येण्याइतकं. माझं अजून झालं नाही."

"चूक! अठरा. पण पुढचं बरोबर बोललात."

"चूक" हा शब्द ती मशीनचं चाक थांबवून असा म्हणायची, की कात्रीने दोरा कापल्यासारखा वाटे. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. पुस्तकाची पानं सुटली, ती तिने टीप मारून परत जोडली. त्यांची मुलगी त्याच खोलीत, फोमच्या ढिगावर अभ्यास करत मोठी झाली. ती इथेच जन्मली, म्हणून जन्मापासून नागरिक. घरात भांडण झालं की सोफेवाला तिला म्हणायचा, "तू बोलू नकोस बाई, तुझं सरकार आहे."

मग बायको आजारी पडली आणि गेली. सोफेवाल्याने मशीनवर एक जुनी खोळ घातली आणि शिवणकाम बाहेर द्यायला लागला. शेजारचा चहावाला म्हणाला, "विकून टाका मशीन, जागा तरी होईल." त्यावर सोफेवाल्याने त्याच्या हॉटेलातल्या बाकाचं काम एक महिना लांबवलं.

ह्यानंतर सरकारला जाग आली. तुंबलेल्या अर्जांवरून वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि मंत्र्यांनी टीव्हीवर येऊन टेबलावर मूठ आपटली. वर्षअखेर एकही अर्ज पडून राहणार नाही, म्हणाले. राहण्याचे तात्पुरते परवाने वाढवून देणंही बंद. ज्याचा त्याचा निकाल लावून टाकायचा, एकतर आत नाहीतर बाहेर. माणसं कमी पडत होती म्हणून झाडं मोजणाऱ्या खात्यातून, ग्रंथालयातून, कुत्र्यांचे परवाने देणाऱ्या कचेरीतून कर्मचारी उचलून आणले. जागा कमी पडत होती म्हणून शहराचा झाकलेला पोहण्याचा तलाव रिकामा केला आणि त्याच्या तळाशी टेबलं मांडली.

सोफेवाल्याला फोनवर निरोप आला: येत्या सोमवारी हजर राहावे.

"बाबा, गंमत नाही आता," मुलगी म्हणाली. "तुमचा परवाना उन्हाळ्याआधी संपतो. नापास झालात तर जावं लागेल."

"कुठे?"

"तेच विचारतेय. तिकडे कोण आहे आपलं? काका गेले, घर विकलं. मी इथे नोकरी सोडून येऊ की तुम्ही तिथे एकटे राहणार?"

सोफेवाल्याने ओठांतला खिळा काढून डबीत टाकला. खरं सांगायचं तर त्या शहराखेरीज त्याला दुसरीकडे कुठे पाय पसरता येतील असं वाटतच नव्हतं. दुकान इथे होतं, लेक इथे होती, आणि ती मशीनही इथेच होती.

मुलगी रोज कामावरून येऊन त्याला समोर बसवायची. हातातलं काम बाजूला ठेवायला लावायची. "सरकारचा खर्च कशातून चालतो?"

"माझ्यातून."

"बाबा, नीट सांगा ना."

"सांगतो. पण आधी हेच तोंडात येतं. गाडी रुळावर आहे, मी काय करू?"

"मग रूळ बदला," मुलगी म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. त्याच्या चुकांना ती हसायची नाही. आईसारखं "चूक" म्हणायची तर मुळीच नाही. तो शब्द घरात कोणी उच्चारतच नव्हतं.

सोमवारी दोघं तलावावर पोचली. दारावरच्या माणसाने मुलीला बाहेर बाकावर बसवलं आणि सोफेवाल्याला आत सोडलं. आत क्लोरीनचा वास अजून होता. रांग उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून तलावात उतरत होती. उथळ भागात कागदपत्रांची तपासणी, पुढे उतारावर फोटो आणि अंगठे, अगदी खोल टोकाला परीक्षा. वर काठावर जीवरक्षक त्याच्या उंच खुर्चीत बसला होता. तलाव रिकामा असला तरी त्याची नोकरी चालू होती, म्हणून त्याला काम दिलं होतं. कोणत्याही अर्जाचा निकाल लागला की त्याने शिट्टी वाजवायची आणि भिंतीवरच्या फळ्यावरचा आकडा एकाने कमी करायचा.

"पोहता येतं का?" रांगेत पुढे असलेल्या न्हाव्याने मागे वळून विचारलं.

"नाही."

"मला पण नाही. पुढून ऐकू येतंय, खोल टोकाची बाई लई कडक आहे म्हणे. कुत्र्यांच्या परवान्याची."

"मग आपल्याला काय भीती? आपण कुठे चावतो?"

न्हावी हसला. थोड्या वेळाने तो पास होऊन गळ्यातला टॉवेल झेंड्यासारखा फिरवत वर गेला. शिट्टी वाजली, फळ्यावरचा आकडा खाली आला.

बाईंचं टेबल निळ्या फरशीवर जरा तिरकं उभं होतं. समोर दोन खुर्च्या. बाईंनी मान वर न करता विचारलं, "दुसऱ्या अर्जदार कुठे आहेत? संगणक दोन दाखवतोय."

"त्या नाहीत आता."

"कुठे गेल्यात? बोलवा लवकर, तुमच्यामागे रांग आहे."

"बाई, तुमची मोहीम थोडी उशिरा सुरू झाली," सोफेवाला म्हणाला.

बाईंनी मान वर केली. मग पुन्हा खाली घातली आणि आवाज जरा हळू करून म्हणाल्या, "बसा. दहा प्रश्न. सात बरोबर आले पाहिजेत. तुम्ही बोललात की मी नोंदवणार. नोंदवण्याआधी उत्तर बदललं तर चालतं, नंतर नाही. तयार?"

तो बसला आणि लगेच अस्वस्थ झाला. खुर्चीची बैठक एका बाजूला लोंबत होती. कुणा आळशी माणसाने पट्टा दोनच खिळ्यांवर सोडला होता.

"कायदे कोण करतं?"

"ज्यांना ते पाळायचे नसतात, ते."

टक्. बाईंचं बोट कळफलकावर पडलं. सोफेवाल्याने "नाही, म्हणजे" म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न आला.

"मतदानाचं वय?"

"अक्कल येण्याइतकं." टक्.

"सरकारचा खर्च कशातून चालतो?"

"माझ्यातून." टक्.

बाईंनी हात थांबवले. "काका, तीन गेले. आता एकही चुकवून चालणार नाही. परीक्षेची थट्टा करायला आलात का?"

सोफेवाल्याने वर बघितलं. वर काठाच्या पलीकडे, बाहेरच्या बाकावर लेक बसली होती. तो टेबलावर वाकला.

"थट्टा नाही, बाई. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं असतात. पहिलं माझं, ते चुकीचं. मी ते बोललो की बायको बरोबर सांगायची. इतकी वर्षं असंच चाललं. बरोबर उत्तर पाठ आहे, पण चुकीच्याच्या मागूनच येतं. पुढून बोलावलं तर येत नाही. तुम्ही जरा थांबून नोंदवा. पहिलं सोडा, दुसरं लिहा."

"नियमात..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नियमात बसतं. नोंदवण्याआधी बदलता येतं. पण झरझर बोला. न्यायाधीशांना नोकरीवरून कोण काढू शकतं?"

"त्यांची बायको." त्याने श्वास घेतला. "चूक! संसद, दोन तृतीयांश मतांनी."

टक्.

"झेंड्यावरचे तीन पट्टे काय दाखवतात?"

"अंथरूण, पांघरूण, उशी. चूक! श्रम, शांती, बंधुभाव."

टक्. शेजारच्या टेबलावरचा ग्रंथालयाचा माणूस ओठ दाबून बसला होता. आगीचा बंब कुठल्या क्रमांकावर बोलवायचा, ह्यावर सोफेवाल्याने आधी "जावयाच्या" असं उत्तर दिलं, तेव्हा त्याला राहवलं नाही. तो मोठ्याने हसला आणि त्याचा उमेदवारही हसला. बाई हसल्या नाहीत, पण प्रश्न विचारायच्या आधी त्या आता थोडं पुढे सरकत होत्या. सोफेवाला प्रत्येक प्रश्नाला आधी आपलं उत्तर म्हणत होता, मग तिचं. एकेक करत नऊ प्रश्न झाले.

"शेवटचा," बाई म्हणाल्या. "नागरिकाचं पहिलं कर्तव्य कोणतं?"

"रांगेत उभं राहणं."

बाईंचं बोट कळफलकाच्या वर थांबलं. सोफेवाला थांबला. मागून काहीच आलं नाही. हा प्रश्न पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर होता हे त्याला आठवलं, पानाचा कोपरा आठवला, तिने मारलेली टीप आठवली. तिचा आवाज मात्र आला नाही. ती गेल्याचं त्याला पहिल्यांदाच इतकं खरं वाटलं.

"काका?"

"थांबा."

"मला फार थांबता येत नाही हो. काहीतरी बोला, नाहीतर हेच लिहावं लागेल."

सोफेवाल्याचे हात मांडीवर रिकामे पडले होते. इतक्या वर्षांत त्याने तिला एकही उत्तर रिकाम्या हाताने दिलं नव्हतं. तो उठला, आपलीच खुर्ची उचलून उलटी केली आणि टेबलावर ठेवली.

"अहो, काय करताय?" बाई ओरडल्या. वर जीवरक्षक खुर्चीतून उभा राहिला.

"हिचा पट्टा सैल आहे. मघापासून छळतोय." त्याने लोंबणारा पट्टा बोटांनी पकडला, ताणला, अंगठ्याने खिळा दाबून धरला. हाताला ओळखीचा ताण लागला. पट्टा खुर्चीच्या पोटात घट्ट बसला, आणि कोपऱ्यातून मशीनचं चाक थांबल्यासारखं वाटलं.

"चूक!" तो म्हणाला. "दुसऱ्याला आपल्याइतकाच हक्क आहे हे मानणं."

टक्.

"पास," बाई म्हणाल्या आणि खुर्चीतच मागे टेकल्या. परीक्षा देऊन त्याच दमल्यासारख्या दिसत होत्या. "ती खुर्ची खाली ठेवा आधी."

जीवरक्षकाने शिट्टी तोंडाला लावली, पण बाईंनी हात वर केला. "थांब. फाईल दोघांची आहे." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या अर्जदाराच्या नावापुढे काय टाकू? मला तीनच पर्याय आहेत. मंजूर, नामंजूर, माघार. मंजूर तर करता येत नाही."

"नामंजूर कशाला? तिने काय केलंय? सगळी बरोबर उत्तरं तिचीच होती."

"मग माघार टाकते. सगळे तेच टाकतात."

"ती आणि माघार?" सोफेवाला म्हणाला. "बाई, भांडणात तिने मला एकदाही जिंकू दिलं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. वर बघितलं, फळ्यावरचा आकडा बघितला, मग रांग बघितली. "राहू दे मग पडून," त्या हळूच म्हणाल्या. "मंत्री काही एकेक मोजायला येत नाहीत. तशी सवय आहे त्या अर्जाला." त्यांनी मोठ्याने सांगितलं, "एकच वाजव!"

जीवरक्षकाने एकच शिट्टी वाजवली.

सोफेवाला पायऱ्या चढून बाहेर आला. मुलगी बाकावरून उठली. तिने ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"काय झालं, बाबा?"

त्याने चेहरा पाडला. सवयीनेच पाडला, त्याला कळायच्या आत. "नापास."

मुलीचा चेहरा उतरला. मग तिने त्याच्या मिशांकडे नीट बघितलं. एका बाजूने त्या हलत होत्या. लहानपणी फोमच्या ढिगावर बसून तिने त्या मिशा हलताना हजारदा पाहिल्या होत्या.

"चूक!" ती म्हणाली. अगदी दोरा कापल्यासारखं.

सोफेवाला मटकन बाकावर बसला. दोघंही हसत होती की रडत होती, हे दारावरच्या माणसाला समजेना. त्याने त्यांना पाण्याचा पेला आणून दिला.

जरा वेळाने मुलीने नाक पुसत विचारलं, "आणि आईचा अर्ज?"

"विचाराधीन आहे," सोफेवाला म्हणाला.

ह्या वेळी ती चूक म्हणाली नाही.