अर्धी अर्धी पुडी

तांड्यात पोरगी शिकली की सगळ्यांना शहाणं करायला निघते. बबिताही निघाली. फुलसावंगीच्या बाजारात साप पळवणारी पुडी मिळायची आणि अख्ख्या तांड्याचा तिच्यावर भरवसा. बबितानं ठरवलं, पारखूनच बघू.

वीस घरं घेतली. दहांना खरी पुडी, दहांना त्याच रंगाची नुसती राख. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मर्जीला जागा नको. यादी महागावच्या विमलताई मास्तरणीकडे लिफाफ्यात बंद, खुद्द बबितालाही ठाऊक नव्हती. "बाकी सगळं नेहमीसारखं करा," एवढंच तिनं घरोघरी बजावलं. विसांत तिच्या आईचं, मानीबाईचं घरही होतं, आणि बबिताची सहा वर्षांची उर्वशी तिथंच आजीजवळ जमिनीवर झोपायची.

नवव्या दिवशी सांजेला मानीबाईच्या शेजारच्या धनीबाईच्या गोधडीखाली मण्यार निघाली आणि काठी आणेपर्यंत निसटली. मण्यारीचा दंश दुखतही नाही. माणूस काटा लागला समजतो आणि घटकाभरात त्याचे डोळे मिटू लागतात. आईच्या घरात राखच असली तर? बबितानं विमलताईंना फोन लावला.

"लिफाफा फोडला की प्रयोग गेला, बबिता," विमलताई म्हणाल्या.

"फोडा, ताई."

धनीबाईकडे राख. मानीबाईकडे खरी पुडी. बबितानं श्वास सोडला, आणि त्या सुटकेची तिला लाज वाटली.

ती आईच्या घरी सांगायला गेली, तर मानीबाई हसली. "कायची खरी न् कायची खोटी? मी धनीले अर्धी देल्ली, तिची अर्धी घेतली. बोकड कापला तरी घरोघरी वाटा जाते, अन् साप का एकटीच्याच घरातून पळवू? समद्याइनं तसंच केलं."

म्हणजे खरी पुडी धनीबाईकडेही होती, तरी मण्यार आली. एका सापावरून काही सिद्ध होत नाही, हे बबिताला पाठ होतं. भीतीला ते पाठ नव्हतं. सरपणात हात घालण्याआधी आपटायची काठी खुंटीला होती, तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं.

"याडी, काठी वापरत नाही का?" तिनं आईला विचारलं.

"आता कायले? पुडी हाये ना."

"उर्वशी कुठं हाये?"

"सरपन आनाले गेली."

बबिता धावली. ढिगाकडून उर्वशीच येत होती, काखेत काड्या, बोट तोंडात.

"काटा लागला, याडी," ती म्हणाली. "पन दुखून नाही राह्यलं."