बॅटरी जोडण्याआधी

सवलतरावांची पिवळी वॉटर स्कूटर पुन्हा एकदा शेडच्या दारात येऊन पडली, तेव्हा तिला एक सणसणीत लाथ घालावी असं मला मनापासून वाटलं. घातली नाही, कारण फायबरला तडा गेला असता आणि तो मलाच बुजवावा लागला असता.

सवलतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धक्क्यावर वॉटर स्कूटर भाड्याने देणारा हा गृहस्थ तोंड उघडलं की आधी 'थोडी सवलत' म्हणतो, म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं. ते असं काही चिकटलं की एकदा मी त्यांना तोंडावरच तशी हाक मारली. ते आपलंच नाव आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. उलट आता सवलत मिळणार असं वाटून ते खूश झाले.

"चालते छान," ते म्हणाले, "पण मध्येच दम सोडते. गिऱ्हाईक पाण्यात मधोमध अडकतं आणि माझ्या नावाने बोटं मोडतं. मोठ्या वर्कशॉपात विचारलं, तर ते म्हणतात पंप बदला, वायरिंग बदला, सगळंच बदला. त्यापेक्षा मी धंदाच बदलतो की!"

अशी वैतागलेली माणसं शेवटी आमच्याकडे येतात. फ्युएल पंपाचा आतला पडदा फाटला असेल, तर आम्ही तेवढा पडदा बदलतो. स्टार्टर घासला असेल, तर त्याचे ब्रश बदलतो. भंगारात गेलेल्या स्कूटरचे भाग धुऊन, तपासून, फळीवर मांडून ठेवतो. स्वस्तात काम करायचं म्हणजे डोकं जास्त चालवावं लागतं, आणि डोकं चालवायला माझी हरकत नाही. माझं डोकं फिरतं ते बाबांमुळे.

ही शेड बाबांनी उभी केली. मग ती माझ्या हाती सोपवून ते निवृत्त झाले, म्हणजे पूर्वी नऊला यायचे ते आता आठला येतात. आल्या आल्या माझे पाने जागचे हलवतात, मी घट्ट केलेला नट पुन्हा घट्ट करतात, आणि मी फेकायला ठेवलेली प्रत्येक वस्तू उचलून फळीवर परत ठेवतात. गिऱ्हाइकांना त्यांचं भारी कौतुक. "वडील अजून काम करतात? वा!" मी मान डोलावते. काम मी करते, वडील काम वाढवतात, हे कुणाला सांगायचं?

पिवळीची सीट काढली, आधी बॅटरी सोडवली, आणि टाकीकडून येणारा पाइप कापून पाहिला. आतून हिरवट, चिकट लगदा. जुना पाइप पेट्रोलने विरघळत जातो आणि तो गाळ कार्बोरेटरच्या बारीक जाळीत जाऊन बसतो. मग इंजिनाला पेट्रोल थेंब थेंब मिळतं आणि जोरात पळवलं की ते गप्प होतं. जाळी धुतली, पाइप नवा घातला. पंप ठणठणीत होता. वायरिंगसुद्धा. स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेच्या टोकांवर खाऱ्या पाण्याने गंज चढला होता, तो ब्रशने काढला, टोकं नवी लावली, वर ग्रीस फासलं. ज्या कामासाठी सवलतराव धंदा बदलायला निघाले होते, ते काम दुपारपर्यंत आटोक्यात आलं.

फक्त एक पाइप राहिला. उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा.

"हाही बदलते," मी म्हटलं.

"कशाला? अजून चांगला आहे." बाबांनी तो बोटांत दाबून दाखवला. "मऊ आहे बघ. आणखी दोन वर्षं सहज जाईल."

"बाबा, तो दुसऱ्याचाच भाऊ आहे. एकाच दिवशी बसवलेत दोघं."

"भाऊ सारखे असतात का कधी?"

सवलतराव अर्थातच बाबांच्या बाजूने झाले. "काकांचा अनुभव मोठा आहे," ते म्हणाले. "राहू दे की तो एक."

दोघांशी एकदम भांडायचं माझ्यात त्राण नव्हतं. मी पाइप राहू दिला, नव्याला जागा करायला तो थोडा वाकवला, आणि सवलतरावांना चहा पिऊन यायला सांगितलं. बाबा जिंकल्याच्या आनंदात माझे पाने आकारानुसार लावत बसले. ते आधीच आकारानुसार लावलेले होते.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वॉटर स्कूटर म्हणजे सगळीकडून बंद खोकं. आत पेट्रोल गळलं तर त्याची वाफ कुठेच जात नाही, तळाशी साचून राहते. त्यात बॅटरीच्या तारेची एक ठिणगी पडली की स्कूटर, शेड आणि शेडमधली माणसं यांचा निकाल लागतो. म्हणून काम संपलं की टाकी भरायची, पेट्रोल पाइपांतून खेळवायचं, आणि थोडा वेळ थांबायचं. मग बाबा खाली वाकतात, तोंड आत घालतात आणि वास घेतात. समाधान झालं की म्हणतात, "जोड." ते म्हणाल्याशिवाय या शेडमध्ये कुणी कधी बॅटरी जोडलेली नाही. बाकी सगळ्या बाबतीत मी बाबांशी भांडते, पण या एका शब्दापुढे नाही. बाबांचं नाक म्हणजे नाक. लांबून सांगायचे, कुणाच्या स्कूटरमध्ये जुनं पेट्रोल आहे.

त्या दिवशीही बाबा वाकले. मी बॅटरीची निगेटिव्ह तार हातात धरून उभी.

"जोड," बाबा म्हणाले.

मी तार खाली नेली, आणि मागून सवलतरावांचा आवाज आला.

"बाप रे! केवढा तो पेट्रोलचा वास!"

माझा हात जागीच थांबला. सवलतराव दारात रुमाल नाकाला लावून उभे होते, आतही आलेले नव्हते.

"पेट्रोलच्या कामाच्या जागी पेट्रोलचाच वास येणार," बाबा चिडून म्हणाले. "अत्तराचा येईल का?"

"अहो काका, मघाशी मी इथेच होतो ना! तेव्हा एवढा नव्हता. आता डोळे चुरचुरतायत माझे!"

मी तार बॅटरीपासून लांब वळवली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि टाकीच्या खाली हात घातला. बोटं ओली झाली. तळाला पेट्रोलचं थारोळं साचलं होतं. परतीचा तो चांगला, मऊ, दोन वर्षं जाणारा पाइप टाकीपाशी फाटला होता, मी वाकवला त्याच जागी.

मी जमिनीवर बसले. तार बॅटरीपासून किती लांब होती? वीतभरही नसेल.

मग मला राग आला. असा राग मला पूर्वी कधी आलेला आठवत नाही.

"बाबा, तुम्ही जोड म्हणालात!"

बाबा खाली बघत फडक्याला हात पुसत राहिले.

"तोंड आत घालून वास घेतलात आणि जोड म्हणालात! सवलतरावांना दारातून वास येतो आणि तुम्हाला नाक बुडवून येत नाही?"

"सवलतराव कोण?" सवलतरावांनी विचारलं. मी बाबांवरची नजर हलवली नाही.

"नाही येत," बाबा म्हणाले. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. "वास नाही येत मला. हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

"आणि आईला माहीत आहे?"

"तिला कशाला? रोज स्वयंपाकघरात शिरताना म्हणतो, छान वास सुटलाय. खूश असते बिचारी."

"आणि मला? मला सांगायचं नाही?"

"तू मला घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं! आत्ता बसवते! गेले चार-पाच महिने तुम्ही अंदाजाने जोड म्हणताय? मी इथे तार हातात धरून उभी राहते, बाबा! माझा जीव काय फळीवरचा सुटा भाग वाटला?"

"अंदाजाने नाही." बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझ्याकडे बघून म्हणायचो. पेट्रोल गळलं की तू नाक मुरडतेस. लहान होतीस तेव्हापासून. मी वाकून तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू नाक मुरडलं नाहीस की समजायचो, सगळं ठीक आहे. तुझं नाक माझ्याहून चांगलं आहे."

मला हसावं की रडावं तेच कळेना. फायबर घासायचं काम घेतल्यापासून माझं नाक चोंदलेलं असतं. त्या पांढऱ्या धुळीने ते कायमचं बंद झाल्यासारखं आहे. रात्री थेंब घालते, तेव्हा जरा श्वास येतो. बाबांना हे माहीत आहे असं मी धरून चालले होते. तोंडाला फडकं बांध म्हणून ते रोज माझ्या मागे लागतात, मग माहीत नसणार कसं?

"बाबा, मला तर कधीपासून धड वासच येत नाही."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

म्हणजे मी त्यांच्या शब्दाची वाट पाहत होते, आणि ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. इतके महिने, इतक्या स्कूटर. शेडमध्ये वास घेणारं माणूसच नव्हतं. आम्ही दोघं बिनधास्त बॅटऱ्या जोडत होतो आणि संध्याकाळी एकमेकांवर डाफरत घरी जात होतो.

"त्याचं यंत्र मिळतं ना," सवलतराव दारातून म्हणाले. "वाफ साचली की शिट्टी मारतं."

"महाग असतं," आम्ही दोघं एकदम म्हणालो. मग मला स्वतःचीच चीड आली.

स्कूटर बाहेर मोकळ्यावर ढकलली. टाकी रिकामी केली, तळ फडक्यांनी पुसून घेतला, सगळी झाकणं उघडून वारा लागू दिला. परतीचा पाइप मी उपसून काढला आणि नवा बसवला. बाबांनी क्लॅम्प हातात दिला, दिवा धरला, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. ते गप्प बसले की काम झपाट्याने होतं हे मी वर्षानुवर्षं म्हणत आलेय. त्या दिवशी मला ते सहन होईना.

पुन्हा टाकी भरली. पेट्रोल खेळवलं. थांबलो.

"या," मी सवलतरावांना म्हटलं. "वास घ्या."

ते आले, पण हातभर लांबूनच. मान पुढे काढून एकदा हुंगलं आणि लगेच मागे सरकले. "नाही येत," ते म्हणाले. मग म्हणाले, "बहुतेक." मग त्यांना कुणाचा तरी फोन आला. आम्हाला काही ऐकू आला नाही, पण तो घ्यायला ते रस्त्याच्या पार टोकाला गेले.

मी तार उचलली. बाबा समोरच्या बाजूला उभे होते, एक हात स्कूटरवर ठेवून.

"बाबा, तुम्ही तिकडे जा. त्यांच्याजवळ उभे राहा."

"का?"

"का काय? वास येत नाही तुम्हाला. इथे थांबून करणार काय?"

"काही नाही. थांबणार."

पूर्वी बाबा 'जोड' म्हणाले की दोन पावलं मागे व्हायचे. ते मला आत्ता आठवलं. तापातून उठल्यापासून ते मागे होत नव्हते, तिथेच वाकलेले राहायचे, बॅटरीला डोकं लावून. मला वाटायचं म्हातारपणी लुडबूड वाढलीय. कितीदा म्हटलं होतं मी, बाबा, उजेड अडवू नका.

"बाबा, हट्ट करू नका. जा ना."

"तू तार ठेव आणि तू जा. मी जोडतो."

"तुमचे हात थरथरतायत!"

"तुझे नाही थरथरत?"

लांबून सवलतराव ओरडले, "झालं का?"

"ऐका माझं," मी म्हटलं. "काही झालंच तर एकाचं तरी..."

"तू उडालीस तर मी रस्त्यात उभा राहून काय करू?" बाबा खेकसले. अगदी नट ढिला राहिला की खेकसतात तसेच. "घरी जाऊन तुझ्या आईला सांगू?"

ते जागचे हलेनात. ते तिथे असताना माझा हात पुढे जाईना. आम्ही तसेच उभे राहिलो, त्या पिवळ्या डबड्याच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे रागाने बघत.

शेवटी मी तार खाली ठेवली. सवलतरावांना हाक मारून सांगितलं की स्कूटर आज मिळणार नाही.