बाबांनी लिहिलेलं फंक्शन

सासरे निवृत्त झाले तेव्हा घरात सगळेच धास्तावले होते. कारखान्यांतले बॉयलर तपासून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, आता दिवसभर घरी बसून काढणार कुणाच्या? आधी ते चित्रकलेच्या वर्गाला गेले. महिना भरायच्या आत ब्रश माळ्यावर गेले, आणि मग कित्येक महिने गृहस्थ खिडकीशी बसून राहिले, कुणाशी धड बोलेनात. घराने निदान केलं की यांना चूक दाखवलेली खपत नाही. सुनेनेही ते मान्य केलं, कारण वाद घालत बसायला तिला वेळ कुठे होता.

ती घरूनच काम करायची. सी या संगणकभाषेतली एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, तिच्याकडे सांभाळायला होती. कामांची रांग लावून द्यायची, एका प्रोग्रामने कामं टाकायची, दुसऱ्याने उचलायची. उचलणारा तो वर्कर. एकदा गंमत म्हणून तिने हे सासऱ्यांना दाखवलं आणि म्हातारबुवा त्यात जे शिरले ते बाहेर यायचं नावच घेईनात. सी शिकले, आणि तयार वर्करची नक्कल काढून देणारं क्लोनचं फंक्शन, कोडचा तेवढा भाग, त्यांनी स्वतः लिहिलं. जेवताना पुन्हा बोलू लागले, नको तितके.

एके दिवशी, ती लायब्ररी वापरून फोटो छापणाऱ्या एका दुकानाची तक्रार आली. प्रोग्राम बंद करायला गेलं की तो कोसळतो आणि शेवटचा अल्बम अर्धवट छापून अडकतो. सुनेने शोध घेतला आणि कपाळाला हात लावला. दोष क्लोनमध्येच होता.

वर्करला मेमरीत जागा लागते. ती कधी लायब्ररी स्वतः मिळवते, तर कधी वापरणारा आपलीच जागा पुढे करतो. जागा लायब्ररीने घेतलेली असेल तर वर्करमध्ये तशी एक खूण केलेली असते, म्हणजे शेवटी मोकळं करताना घोळ होत नाही. खूण असली तर जागाही सोडायची. नसली तर आतलं आवरायचं आणि बाजूला व्हायचं. सासऱ्यांनी नक्कल काढताना ती खूणही जशीच्या तशी उतरवली होती. दुकानवाल्याने नक्कल घेतली होती स्वतःच्या जागेत, आणि लायब्ररी ती जागा आपलीच समजून सोडायला निघाली होती. त्यावरच प्रोग्राम कोसळत होता.

दुरुस्ती एका ओळीची होती, पण सांगायचं कसं? ब्रश गेले तसा हा लॅपटॉपही माळ्यावर गेला तर? पुन्हा ती खिडकी, पुन्हा तो अबोला. खरं सांगायचं तर समोरच्या टेबलावर त्यांची टकटक नसली की तिला आता करमतच नसे.

"त्या दुकानवाल्याचं काय झालं?" सासऱ्यांनी विचारलंच.

"काही नाही बाबा, किरकोळ आहे. तुमचं फंक्शन छान आहे. मी बघते."

मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि चष्मा डबीत ठेवला. "बरं. उद्यापासून मी नाही बसत. तुझं तू कर."

जायचेच आहेत तर निदान खोटं ऐकून तरी जायला नकोत, असं मनाशी म्हणत तिने एका दमात सांगून टाकलं.

"छान नाहीये. चुकलंय तुमचं. शेजारीण स्वतःच्या डब्यात भाजी घेऊन आली, तर भाजी संपल्यावर डबा धुऊन तिचा तिला परत द्यायचा. तुम्ही तो आपला समजून भंगारात घालताय."

सासऱ्यांनी डबीतून चष्मा काढून नाकावर चढवला. मग लॅपटॉप पुन्हा उघडला. एकेका ओळीवर बोट ठेवत ते खाली आले.

"खूण उतरवली मी," ते म्हणाले. "अगं, ती कशाला उतरवली? नक्कल कामाची काढायची होती. जागा कुणाची, ते नव्याने ठरवायला हवं."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"मघाशी रागावलो होतो. ते 'छान आहे' ऐकून." त्यांनी चष्मा नीट केला. "चित्रकलेचे मास्तर बाकीच्यांच्या कागदावर पेन्सिल फिरवायचे, खोडायचे, ओरडायचे. माझ्यापाशी आले की म्हणायचे, छान आहे काका. रोज वाट बघायचो, आज तरी खोडतील म्हणून. मग सोडून दिलं."

ते खिडकीशी बसले होते तेव्हा अख्खं घर त्यांच्यापुढे शब्द जपून टाकत होतं, आणि सूनही त्यातलीच होती. तिला फार वाईट वाटलं, आणि मोकळंही वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "फंक्शन तपासायला तुम्ही लिहिलेल्या टेस्टही भिकार आहेत."

"का बरं?"

"सगळ्या लायब्ररीच्याच जागेवर चालवल्यात. वापरणाऱ्याच्या जागेवर एकही नाही. म्हणून तर हे इतके दिवस सापडलं नाही."

सासऱ्यांनी आपली खुर्ची उचलून तिच्या टेबलाशी आणली.

"आणखी?" त्यांनी विचारलं.